दर बोलण्याआधी सह्या मोजा: नागपुरात दलालाशिवाय जुनं घर घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पश्चिम नागपुरात, एनआयटीच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) एका जुन्या ले-आउटमध्ये, दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर दोन मजली घर आहे. मालक काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. खाली समोर एक जुना भाडेकरू आहे, तो महिन्याला १,२०० रुपये देतो. मागच्या बाजूला एक नवा आहे, तो ९,००० देतो. एक मुलगा पुण्याला, दुसरा अमेरिकेत, मुलगी रायपूरला. घर विकायला आहे हे अजून कुठल्या जाहिरातीत नाही, कुठल्या दलालाकडे नाही. तुम्हाला पुण्याच्या मुलाकडूनच कळलं. तो १ कोटी ४० लाख म्हणतो आणि शनिवारी पाच लाख रोख देऊन सौदा पक्का करा म्हणतो. तुम्हाला राहायला घर नको, गुंतवणूक म्हणून हवं आहे. मधे दलाल नाही, तर काय काय आपल्याला बघावं लागेल, असं तुम्ही विचारलं आहे.

मी वकील आहे. खरेदीखतं आणि टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, हेच माझं रोजचं काम आहे, आणि त्यातली बरीच घरं अशीच, घरातल्या घरात ठरलेली असतात. तेव्हा आधी शनिवारचं सांगतो: रोख देऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं प्राप्तिकर कायद्याला चालत नाही, आणि जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. हे त्या मुलाला सांगा, त्याच्याच हिताचं आहे. दुसरं कारण जास्त मोठं आहे. तो मुलगा त्या घराचा मालक नाही. फार तर एका हिश्श्याचा आहे. त्याच्याशी पक्का झालेला सौदा बाकीच्यांना बांधत नाही.

दलाल नसला की लोकांना वाटतं आपले दोन टक्के वाचले. तुमच्या व्यवहारात एक ते दोन टक्के म्हणजे १ लाख ४० हजार ते २ लाख ८० हजार. वाचतात, खरं आहे. पण चांगला दलाल त्या पैशात एक काम करतो, जे बाहेरून दिसत नाही: घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलून कोण राजी आहे, कोण तोंडावर हो म्हणतंय आणि कोणाला विचारलंच नाही, हे तो शोधून काढतो. दलाल नाही म्हटल्यावर ते काम तुमचं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की दर बोलण्याआधी सह्या मोजा. विक्रीपत्रावर कोणाकोणाची सही लागणार ती यादी कागदावर लिहून काढा, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाशी बोलणं झाल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका.

तुमची यादी करून बघू. मालकांनी मृत्युपत्र केलेलं नाही आणि घर त्यांच्या स्वकमाईचं आहे असं धरू. हिंदू वारसा कायद्यानं काकू, दोन मुलं आणि मुलगी, चौघांना सारखा एक चतुर्थांश हिस्सा. मुलीचं लग्न झालं, तिला लग्नात दिलं, ती काही मागत नाही, ही वाक्यं तुम्हाला ऐकायला मिळतील. कायद्यात त्यांना काडीची किंमत नाही. तिला खरंच नको असेल तर तिनं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, नाहीतर विक्रीपत्रावर सही करावी आणि आपला पैसा आपल्या खात्यात घ्यावा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. ज्या बहिणीला तिचा हिस्सा मिळाला ती पुढे कोर्टात येत नाही. घर वडिलोपार्जित निघालं तरी मुलीचा हक्क जात नाही. २००५ च्या दुरुस्तीनं ती जन्मानं सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि वडील तेव्हा हयात असोत की नसोत, तिचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं.

आता एक प्रश्न जो शंभरातले नव्वद लोक विचारत नाहीत. मालक वारले तेव्हा त्यांची आई जिवंत होती का? असेल तर ती पहिल्या वर्गाची वारस. तिलाही हिस्सा मिळाला, आणि ती नंतर वारली असेल तर तो हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींकडे गेला. म्हणजे यादीत अचानक काका, आत्या आणि त्यांची पोरं येतात. म्हणून दोन्ही मृत्यूंचे दाखले मागा आणि तारखा शेजारी ठेवून बघा. या एका तारखेवरून रजिस्ट्रीच्या टेबलावर थांबलेले व्यवहार मी पाहिले आहेत.

मृत्युपत्र आहे असं कोणी म्हटलं तर मूळ प्रत बघा, साक्षीदार कोण ते बघा. नागपुरात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, घेणं बंधनकारक नाही, पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळालं नाही त्याची संमतीची सही मी तरीही घेतोच. ती मिळत नसेल तर का मिळत नाही, हे आत्ता कळलेलं बरं.

अमेरिकेतल्या मुलाला रजिस्ट्रीला यायला जमणार नाही. त्यानं मुखत्यारपत्र द्यावं, पण फक्त याच मिळकतीपुरतं आणि याच विक्रीपुरतं. ते भारतीय वकिलातीत करावं, नाहीतर तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, घ्यावं. इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि इथेच बऱ्याच जणांची तारीख हुकते. तो अनिवासी भारतीय असेल तर त्याच्या हिश्श्यावरचा टीडीएस एक टक्का नसतो, बराच जास्त असतो, आणि तो कापायची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची. त्यानं आधी अर्ज करून कमी कपातीचा दाखला आणला तर त्याचे पैसे अडकत नाहीत. हे त्याला पहिल्याच फोनवर सांगा. शेवटच्या आठवड्यात सांगितलं तर त्याला वाटतं तुम्ही त्याचे पैसे दाबून राहिले. बाकी तिघांच्या रकमेवर एक टक्का कापायचा, कारण एकूण मोबदला पन्नास लाखांच्या वर आहे. प्रत्येकाचा हिस्सा पन्नासच्या खाली असला तरी कापायचाच, आणि प्रत्येक विक्रेत्यासाठी चलान वेगळं. हे काम चार्टर्ड अकाउंटंटला द्या.

आणि आता काकू. या सगळ्या व्यवहारात मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

एका घराची बोलणी आठवतात. उन्हाळ्याचे दिवस, हॉलमध्ये कूलर चालू, मोठा मुलगा आकडे सांगतोय, खरेदीदार वहीत लिहितोय, आणि आई दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसलेली. सगळं ठरत आलं तेव्हा मी त्यांना विचारलं, “काकू, घर विकल्यावर तुम्ही कुठे राहणार?” त्या म्हणाल्या, “मी कुठं जाणार बापा? मी तं मागच्या खोलीत राहीन. असंच ठरलं ना?” मुलानं मान खाली घातली. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी कागद बंद केले. खरेदीदार भला माणूस होता, थांबला. मुलीनं पुढाकार घेतला, तिच्या घराजवळ आईच्या नावानं एक लहान फ्लॅट आधी घेतला गेला, सामान हललं, आणि पुढच्या वर्षी रजिस्ट्री झाली. त्या माउलीनं स्वतः किल्ली दिली.

हे मी केवळ माणुसकी म्हणून सांगत नाही, जरी माणुसकी हे कारण मला पुरेसं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला न समजलेली सही ही खरेदीदाराच्या डोक्यावर टांगती तलवार असते. फसवून सही घेतली, असा दावा उद्या कोणीही नातेवाईक टाकू शकतो. म्हणून काकूंना स्वतःचा वकील, निदान स्वतःच्या विश्वासातला माणूस, बोलणीत असू द्या. भाचा असो, शेजारचे निवृत्त मास्तर असोत. मसुदा त्यांना मराठीतून वाचून दाखवा, आणि तो वाचून दाखवल्याचं विक्रीपत्रात लिहा. त्यांना समोरासमोर विचारा: कुठे राहणार, पैसे कोणाच्या खात्यात येणार, घर सोडायला किती वेळ हवा. उत्तर डळमळलं तर थांबा. असं घर स्वस्तात मिळत असेल तरी घेऊ नका.

पैसेही त्याच हिशेबानं द्या. चार वारस तर चार खाती. “सगळे माझ्या खात्यात टाका, मी वाटून देतो,” हे वाक्य कितीही प्रेमानं आलं तरी नाही म्हणा. प्रत्येकाचा हिस्सा, प्रत्येकाच्या खात्याचा तपशील आणि बँकेचा व्यवहार क्रमांक विक्रीपत्रात आला पाहिजे.

कागदांकडे वळू. आपल्या विदर्भात शहरातल्या जमिनीचा पहिला कागद म्हणजे आखीव पत्रिका. पुण्या-मुंबईचे लोक त्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. नगर भूमापन कार्यालयातून ताजी प्रत घ्या. घरातल्या फाइलमधली दहा वर्षं जुनी झेरॉक्स चालत नाही. वाचताना लोक वरचं नाव आणि क्षेत्रफळ बघून कागद ठेवून देतात. तुम्ही धारणाधिकाराचा रकाना वाचा, त्यातून जमीन मालकीची आहे की भाडेपट्ट्याची हे कळतं. पट्टेदाराचा रकाना वाचा. मग सगळ्यात खाली या, इतर भार आणि इतर शेरे. बँकेचा बोजा, कोर्टाची मनाई, जुन्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा शेरा, सगळं तिथे बसलेलं असतं. तो कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, पण कलम २० खाली सूट दिलेल्या जमिनींवरचे शेरे अजून सापडतात आणि ते निस्तरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्या घरावर अजून वारलेल्या मालकांचंच नाव असणार. आधी वारसांची नावं चढू द्या, मग विक्रीपत्र. उलट्या क्रमानं करायला कोणी सुचवलं तर ऐकू नका.

एनआयटीचा जुना ले-आउट म्हणजे प्लॉट बहुधा लीजचा असेल. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं उभी राहिली आणि तिनं शहरातल्या कितीतरी वसाहती पट्ट्यानं वाटल्या. पट्टा साधारण तीस वर्षांचा, पुढे नूतनीकरण. तेव्हा लीज डीड मागा, शेवटचं नूतनीकरण कधी झालं ते बघा, भूभाटक, म्हणजे जमिनीचं भाडं, थकलं आहे का ते प्रन्यासच्या कार्यालयात जाऊन लेखी घ्या. हस्तांतरासाठी प्रन्यासची ना हरकत आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार हे दरासोबतच ठरवा, नाहीतर शेवटी त्यावरून तोंडं वाकडी होतात. सिव्हिल लाइन्स किंवा धंतोलीकडचं घर असतं तर मी नझूलचा प्रश्न विचारला असता. तिथे जमीन सरकारची, पट्टा वेगळा, कार्यालयही वेगळं.

टायटल सर्च तीस वर्षांचा करून घ्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, घरबसल्या दिसतो. सुरुवात तिथून तुम्ही स्वतः करा, सवय होते. पण संगणकापूर्वीच्या नोंदी पुस्तकांत आहेत, आणि ती पुस्तकं उघडायला वकिलानंच दुय्यम निबंधक कार्यालयात बसावं लागतं. त्यासोबत सेरसायवर, म्हणजे तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदवहीत, कर्जाची नोंद बघा, ई-कोर्ट्सवर चौघांची आणि वारलेल्या मालकांची नावं टाकून दिवाणी दावे बघा. मूळ कागद हातात घेऊन बघायचा आग्रह धरा. “मूळ प्रत लॉकरमध्ये आहे” याचा अर्थ कधीकधी “बँकेच्या लॉकरमध्ये, कर्जापोटी” असा असतो.

मग दोन वर्तमानपत्रांत वकिलामार्फत जाहीर नोटीस, एक मराठी आणि एक इंग्रजी किंवा हिंदी, हरकतीला पंधरा दिवस. बऱ्याच खरेदीदारांना नोटीस नको असते. गुपचूप मिळत असलेलं घर जगजाहीर होईल, दुसरा कोणी जास्त पैसे देईल, ही भीती. ती भीती मला समजते, पण त्यावर उपाय इसाराचा करार आहे. आधी थोडक्या रकमेचा चेक, चौघांच्या सहीचा करार, त्यात स्पष्ट कलम की टायटल स्वच्छ न निघाल्यास अमुक तारखेपर्यंत रक्कम परत, आणि मग नोटीस. कराराची नोंदणी करा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेली इसारचिठ्ठी म्हणजे रजिस्ट्री झाली असं समजणारे सुशिक्षित लोक आजही माझ्यासमोर येऊन बसतात. ज्या सौद्यावर इतक्या जणांच्या सह्या आहेत तो नोंदवलेलाच असावा.

भाडेकरू. गुंतवणूकदारानं खरं डोकं इथे लावायचं, आणि इथेच तुमच्या पत्रात सगळ्यात कमी माहिती आहे. नागपुरात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याआधी सी. पी. अँड बेरारचा (जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा) १९४९ चा भाडे आदेश चालायचा; त्यात घर रिकामं करण्याची नोटीस द्यायलासुद्धा रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पण जुन्या भाडेकरूचं संरक्षण कायम राहिलं. १,२०० रुपयेवाला तुमचा भाडेकरू बहुधा याच जातीचा. घर विकलं म्हणून तो निघत नाही. तुम्ही काकूंच्या जागी मालक म्हणून येता, एवढाच बदल. तो उद्या वारला तरी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जाऊ शकतो. वीज-पाणी तोडून त्याला हुसकणं गुन्हा आहे, आणि तसा सल्ला देणारा कोणी भेटला तर त्याची संगत सोडा. त्याच्याशी सरळ बोला. खाली करायला राजी असेल तर अटी लेखी घ्या आणि ताबा रजिस्ट्रीआधी काकूंकडे येऊ द्या. राजी नसेल तर ती जागा तुमची असूनही तुमची नाही असं समजून किंमत लावा.

मागच्याचं वेगळं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे असं म्हणतात, तो नोंदवलेला आहे का? नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यास भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. कायद्याच्या ५५ व्या कलमातच आहे ते. दोघांकडूनही एक साधं लेखी निवेदन घ्या: कधीपासून राहतो, किती भाडं, किती डिपॉझिट, ते कोणाकडे. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत भोगवटादार म्हणून कोणाचं नाव आहे तेही पडताळा. तिसरंच नाव निघालेलं मी पाहिलं आहे.

आता दर. तो शेवटी ठेवला कारण तो शेवटीच येतो. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता ही एक पायरी. दुसरी जास्त कामाची आहे: ई-सर्चवर त्याच ले-आउटमधल्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या विक्र्या काढा. इंडेक्स टूवर मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात. दोन्ही वहीत उतरवा. चार-पाच नोंदी मिळाल्या की त्या गल्लीचा अंदाज येतो, आणि पानठेल्यावर ऐकलेल्या आकड्याची भूल उतरते. बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यनिर्धारक काही हजारांत अहवाल देतो, तोही घ्या.

मग भाड्याचा हिशेब करा. आज महिन्याला १०,२०० येतात, वर्षाला १ लाख २२ हजार ४००. १ कोटी ४० लाखांवर एक टक्कासुद्धा नाही. वरचा मजला १६,००० नं गेला तरी वर्षाचे ३ लाख १४ हजार, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आत-बाहेर, आणि त्यातून मालमत्ता कर, रंगरंगोटी, रिकामे महिने वजा व्हायचे आहेत. वर खर्च: नागपूर शहरात सगळे अधिभार धरून मुद्रांक शुल्क सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ९ लाख ८० हजार, नोंदणी फी ३०,०००. घर पत्नीच्या एकटीच्या नावानं घेतलं तर निवासी घरावर एक टक्का सवलत मिळते, १ लाख ४० हजार वाचतात. तरी प्रन्यासचं शुल्क, वकील, नोटीस धरून दीड कोटी पोचायला वेळ लागत नाही. थोडक्यात, हे भाड्यासाठी घेतलेलं घर नाही. ही जमीन आहे, जिच्यावर एक जुनं घर आणि एक संरक्षित भाडेकरू आहे. कर्ज काढून हप्ता भाड्यातून फेडू, असा विचार असेल तर तो आजच सोडा. दहा-पंधरा वर्षं पैसे अडकवायची तयारी असेल, भाडेकरूचं मिटत असेल आणि त्या हिशेबानं किंमत खाली येत असेल, तर जागा चांगली आहे.

पण खाली किती, यालाही मर्यादा आहे. सौदा शासकीय मूल्याच्या फार खाली झाला तर फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त भरल्यावर तो सगळा फरक तुमचं उत्पन्न धरला जातो. समजा शासकीय मूल्य १ कोटी ४० लाख आणि तुम्ही १ कोटी २० लाखांत घेतलं, तर वीस लाखांवर तुम्हाला प्राप्तिकर बसतो. “घरातल्या घरात स्वस्त मिळालं” या आनंदात हा कर कोणी मोजत नाही. विकणाऱ्यांनाही भांडवली नफ्याचा कर आहेच. त्यांच्यासाठी २००१ चं बाजारमूल्य काढून घेणं फायद्याचं असू शकतं, आणि करबचतीच्या रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत गुंतवायची सोय आहे. हे तुम्ही त्यांना सांगितलंत तर रोखीचा आग्रह बहुतेक वेळा आपोआप मावळतो. रोख मागणारा माणूस दरवेळी लबाड नसतो. त्याला कराची भीती असते आणि कोणी नीट समजावलेलं नसतं.

घर बघायला इंजिनिअर न्या. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळतं का, वरचा मजला मंजुरीत आहे का, मोजणीत प्लॉट खरंच दीड हजार भरतो का. समोरच्या रस्त्याची रुंदी लिहून घ्या, उद्या नवीन बांधायचं झालं तर किती बांधता येईल ते त्यावर ठरतं. विकास आराखड्यातला भाग नकाशा काढा, रस्ता रुंदीकरणात पुढची भिंत जात नाही ना ते बघा. आणि शेजाऱ्यांना २३ सप्टेंबर २०२३ बद्दल विचारा. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरात पाणी शिरलं. तुमचं घर नाग नदीच्या किती जवळ आहे मला माहीत नाही, पण तळमजल्याच्या भिंतीवरची ओल आणि शेजारणीची आठवण, दोन्ही खोटं बोलत नाहीत.

तुम्ही जाता जाता असंही विचारलंय की हे नाही जमलं तर बेसा किंवा जामठ्याकडे एखादा प्लॉट थेट मालकाकडून घेऊ का. घ्या, पण तिथले प्रश्न वेगळे. तिथे एनए, टीपी आणि आरएल हे तीन शब्द विचारायचे. जमीन अकृषक झाली का, ले-आउटला नगररचनेची मंजुरी आहे का, आणि गुंठेवारीतला असेल तर नियमितीकरणाचं पत्र मिळालं का. “डिमांड भरली आहे”, म्हणजे मागितलेलं शुल्क भरलं आहे, याचा अर्थ आरएल मिळालं असा नाही. सातबारावर वर्ग २ दिसला तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हात लावू नका. आणि मुखत्यारपत्र-करारनाम्यावर विकलेला प्लॉट तर नकोच. त्यानं मालकी येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलं आहे.

अशी न जाहीर झालेली घरं सापडतात कशी, हेही बरेच जण विचारतात. एका भागात सतत वावरून. इस्त्रीवाला, पेपरवाला, पानठेलेवाला, वायरमन, यांना कोणतं घर बंद आहे आणि कोणाची पोरं परत येणार नाहीत हे ठाऊक असतं. त्यांच्याकडून कळलं तर त्यांचा मान ठेवा. निधनवार्ता वाचून तेराव्याच्या आत दार वाजवणारेही या शहरात आहेत. तसं करू नका. एक चिठ्ठी, स्वतःच्या नावानं, घर कधी द्यावंसं वाटलं तर मला कळवा, एवढी पुरते. आणि घर आधी एखाद्या दलालानं दाखवलं असेल तर त्याला वगळून मागच्या दारानं जाऊ नका. त्यानं केलेल्या कामाचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. या आठवड्यात मुलाला फोन करून शनिवारचं रद्द करा आणि काकूंना भेटायला जायची वेळ मागा, शक्यतो मुलगी रायपूरहून येईल त्या दिवशी. आखीव पत्रिका आणि लीज डीडची प्रत त्याच भेटीत मागा. चौघंही राजी आहेत, जुन्या भाडेकरूचं काय ते कळलं, आणि वारसांची नावं चढवायचा अर्ज झाला, तर इसाराचा मसुदा करू. रजिस्ट्री झाल्यावर एनआयटी, नगर भूमापन आणि महापालिका, तिन्ही ठिकाणी नाव चढवायचं, महावितरण आणि पाण्याचं बिल बदलायचं, आणि त्याच दिवशी काकूंच्या सहीचं एक पत्र दोन्ही भाडेकरूंना द्यायचं, की आजपासून भाडं नव्या मालकाला द्यावं आणि डिपॉझिट त्यांच्याकडे सोपवलं आहे. त्या पत्राच्या प्रतीवर दोघांची पोच घ्या.